परत सांगा

त्या महिन्यात धाकटीने तीनदा काम बदलून घेतलं. पहिल्या वेळी दाताचं निमित्त सांगितलं, दुसऱ्या वेळी नवऱ्याच्या सुट्टीचं. तिसऱ्या वेळी निमित्त शोधायचाही कंटाळा आला, तेव्हा शेजारच्या सहकाऱ्याला ती सरळ म्हणाली, "तुझं दोन नंबरचं टेबल मला दे, माझं तीन नंबरचं तू घे. दोन आठवडे."

या सहकाऱ्याला सगळे चष्मा म्हणत. त्याने चष्मा कपाळावर सरकवून तिच्याकडे पाहिलं. "बरी आहेस ना? सकाळचं दोन नंबर कुणी मागून घेतं का?"

खरंच कुणी घेत नाही. शहराच्या मेट्रोचं कंट्रोल सकाळी साडेसात ते दहा म्हणजे नुसता उकळता हंडा. चार लाइन, प्रत्येक लाइनला एक टेबल, समोर भिंतभर पसरलेला फलक, त्यावर सरकणारे गाड्यांचे उजळलेले आकडे, आणि कानात सतत कुणीतरी बोलत असलेलं. त्यातही दोन नंबर सगळ्यात वाईट. पण धाकटीला तेच हवं होतं, कारण सकाळच्या वेळी त्या लाइनवर तिचे सासरे गाडी चालवत.

सासऱ्यांना लाइनवर मास्तर म्हणत. एकतीस वर्षं नोकरी झालेली, त्यातली दहा-अकरा नव्या चालकांना शिकवण्यात गेलेली. धाकटीही त्यांच्याच हाताखालून गेली होती. कंट्रोलमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला आधी महिनाभर चालकाच्या केबिनमध्ये उभं राहून लाइन पाहावी लागते. चढ कुठे आहे, वळण कुठे आहे, कुठल्या स्टेशनात शिरताना डोळ्यांवर ऊन येतं. तो महिना ती मास्तरांच्या मागे उभी होती. महिना संपला त्या दिवशी त्यांनी तिला घरी जेवायला बोलावलं, आणि त्यांच्या धाकट्या मुलाने तिला परत स्टेशनपर्यंत सोडलं. पुढचं त्या दोघांनी आपापलं जमवलं. मोठी सून दुसऱ्या शहरात असायची; धाकट्या मुलाची बायको म्हणून ही धाकटी. आणि एकदा मास्तरांनी रेडिओवर सवयीने "हां धाकटी, बोल" म्हटल्यापासून कंट्रोललाही ती धाकटीच झाली.

टेबलं बदलून घेण्याचं खरं कारण तिने कंट्रोलमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांना ऐकू येत नव्हतं.

हे तिला घरातच कळलं, आणि कळायला फार वेळ लागला. सासूबाई घरी कपडे दुरुस्तीची कामं घेत. त्यांचं शिवणयंत्र दिवसभर घरघरत असायचं, त्यामुळे मास्तर "काय म्हणालीस?" असं दोनदा विचारत त्यात कुणाला नवल वाटत नव्हतं. मग एक दिवस यंत्राची मोटार जळली. ती दुरुस्तीला गेली आणि घर एकदम शांत झालं. त्या शांततेत दारावरची घंटा वाजली, पुन्हा वाजली, आणि घंटेखालीच खुर्ची टाकून बसलेले मास्तर वर्तमानपत्रातून मान वर करीनात. धाकटीने दार उघडलं. नंतर ती त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुमच्यामागे घोडा उभा आहे."

"ठेव तिथे, घेतो नंतर," मास्तर म्हणाले.

तिला हसू फुटलं. ते पुरतं ओठांवर यायच्या आतच विरलं.

कंट्रोलचा एक नियम आहे, आणि सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. कंट्रोलने रेडिओवर हुकूम सांगायचा, चालकाने तो शब्दन्‌शब्द परत सांगायचा, कंट्रोलने "बरोबर" म्हणायचं, आणि मगच चालकाने हात हलवायचा. मास्तरांचं परत सांगणं कधी चुकलेलं तिने ऐकलं नव्हतं. उलट त्यांचं उत्तर इतकं झटकन येई की सगळे म्हणत, या वयातही काय तल्लख माणूस आहे. आता तिला त्यामागचं कारण कळलं. उत्तर झटकन येई कारण मास्तर ऐकतच नव्हते. रोजचे नव्वद टक्के हुकूम तेच ते असतात. या स्टेशनला पंधरा सेकंद जास्त थांबा, पुढची गाडी मागे आहे, सावकाश या. घड्याळ आणि जागा पाहून मास्तरांना कळायचं की आता काय सांगणार. पाठ झालेल्या कवितेची पुढची ओळ यावी तसं ते बोलून टाकायचे.

त्या दिवशी तिने नवऱ्याला सांगितलं. तो छापखान्यातून नुकताच आला होता, बोटांना निळी शाई होती.

"पाच महिने राहिलेत त्यांचे," तो हात घासत म्हणाला. "कानांची पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे. तोवर निवृत्त होतील, मान राहील. तू जरा कानाडोळा कर."

"अरे, कानाचाच तर प्रश्न आहे!"

"एकतीस वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा नाही. डोळे मिटून चालवतील ते."

"डोळे मिटून चालवतील रे, पण ऐकायचं कुणी?"

"तू आहेस ना तिकडे," नवरा म्हणाला. तो सहज बोलून गेला, पण तिच्या डोक्यात ते रुतून बसलं. मी आहे ना. त्यांच्या वेळेला मी टेबलावर असले, सावकाश बोलले, प्रत्येक शब्द नीट तपासून घेतला, तर पाच महिने निघतील. मी त्यांचे कान होईन.

आणि मग तिच्या पायाला भिंगरी लागली. कंट्रोलमध्ये तिला धड बसवेना. मास्तरांची गाडी फलकावर आली की ती खुर्चीच्या कडेवर सरकायची, बोटांनी टेबलाची कड कुरतडायची. गाडी शेवटच्या स्टेशनात गेली की उठून बाहेरच्या बोळात चार फेऱ्या मारून यायची. घरी आल्यावर भांडी घासलेली असली तरी पुन्हा घासायची. एकदा मास्तरांसमोर बसून, त्यांच्या तोंडाकडे पाहत तिने विचारलंही, "बाबा, एकदा कान दाखवून घ्यायचे का?"

"माझे? माझ्या कानांना काय धाड भरलीय? त्या यंत्राला सांग काय सांगायचं ते." यंत्र परत आलं होतं आणि घरघरत होतं. सासूबाईंनी मान वर केली नाही.

सुट्टीच्या दिवशी तर तिने कहरच केला. घरी बाजारात जाते म्हणून सांगितलं आणि मास्तरांच्या गाडीत, पहिल्या डब्यात, केबिनच्या काचेच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. दोन तास ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. काचेतून त्यांची पाठ दिसत होती. ताठ पाठ, डावा हात हँडलवर, प्रत्येक स्टेशनात गाडी खुणेच्या वीतभर अलीकडे ना पलीकडे. उतारावर गाडी अशी सोडायचे की उभ्या माणसाला दांडा धरावा लागू नये. ती उतरली तेव्हा तिची घालमेल कमी व्हायला हवी होती, ती दुप्पट झाली. इतकं देखणं काम करणाऱ्या माणसाबद्दल कुणाला काय सांगायचं, आणि कोणत्या तोंडाने?

असे तीन आठवडे गेले.

चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारची गोष्ट. न्यायालय नावाचं जे भुयारातलं स्टेशन आहे, तिथला एक सरकता जिना तीन दिवसांपासून दुरुस्तीला उघडून ठेवला होता. लोकांना वर जायला वेळ लागायचा, म्हणून तीन दिवस प्रत्येक गाडीला एकच हुकूम जात होता: न्यायालयाला अर्धा मिनिट जास्त थांबा. मंगळवारी नऊला दहा कमी असताना दुसरा जिनाही बंद पडला, माणसांनी भरलेला असताना. स्टेशनमास्तरचा फोन आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"फलाट कडेपर्यंत भरलाय. अजून गाडी आत घेऊ नका. पाच मिनिटं द्या मला, पाच!"

धाकटीने फलकाकडे पाहिलं. न्यायालयाच्या अलीकडच्या पूल स्टेशनात एक गाडी उभी होती. दोनशे सतरा. मास्तर.

"दोनशे सतरा, कंट्रोल," ती सावकाश, एकेक शब्द तोडून बोलली. "पुलालाच थांबा. न्यायालयाला जायचं नाही. दारं उघडी ठेवा. मी सांगेपर्यंत निघू नका."

उत्तर झटकन आलं. "दोनशे सतरा. न्यायालयाला अर्धा मिनिट जास्त थांबतो. दारं लावतो."

"चूक!" ती ओरडली. "दोनशे सतरा, चूक! निघू नका! परत सांगा!"

"बरोबर," मास्तर म्हणाले, जणू तो शब्द तिनेच उच्चारला होता. फलकावर दोनशे सतराचा आकडा हलला.

तिने स्टेशनाच्या तोंडाचा सिग्नल लाल केला. उशीर झाला होता, गाडीचं नाक पुढे गेलं होतं. आता मध्ये एकच सिग्नल उरला होता, न्यायालयाच्या थोडा अलीकडे, भुयारात. तिने तो लाल केला आणि आकड्याकडे बघत राहिली. आकडा सरकत होता. मग आकडा मंद झाला आणि थांबला. मास्तरांना लाल दिवा दिसला होता. डोळे शाबूत होते.

शेजारच्या पडद्यावर न्यायालयाचा फलाट दिसत होता. गाडी थांबून दहा सेकंद झाली असतील नसतील, गर्दी मागून लोटली गेली आणि पुढच्या रांगेतली एक बाई हातातल्या पिशवीसकट रुळांवर पडली. तीन-चार माणसांनी वाकून तिचे दंड धरले, वर ओढलं. ती फलाटावर बसली आणि पिशवीत काहीतरी शोधू लागली. तिच्यापासून नव्वद मीटरवर, भुयारात, दोनशे सतरा उभी होती. आत नऊशे माणसं.

"बोल त्याच्याशी," मागून आवाज आला. सगळ्या पाळीच्या प्रमुख, मोठ्या बाई, तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या होत्या.

"दोनशे सतरा, आहात तिथेच थांबा. फलाटावर माणसं आहेत."

"दोनशे सतरा... सिग्नल मिळताच निघतो."

"चूक. परत सांगा."

"निघतो, निघतो. हिरवा द्या."

तिसऱ्यांदा तिचा आवाज इतका चढला की फाटला. तरी उत्तर चुकीचंच. तेव्हा चष्म्याने आपल्या टेबलावरून हात लांब करून तिचा माइक ओढला. त्याचा आवाज मुळात ढोलासारखा. "दोनशे सतरा, जागेवर थांबा, फलाटावर माणसं आहेत."

"दोनशे सतरा. जागेवर थांबतो. फलाटावर माणसं आहेत," मास्तर म्हणाले. पहिल्या झटक्यात.

"रेडिओ कुठेतरी गंडलाय," चष्मा पुटपुटला.

मोठ्या बाईंनी धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. "ऊठ तू. चष्मा, दोन नंबरही तूच बघ. आणि त्या गाडीला लाइनच्या पुढच्या टोकाला दुसरा चालक द्या."

मागच्या छोट्या खोलीत तिला एक टेबल, एक पेन आणि चार पानांचा छापील फॉर्म मिळाला. काय घडलं, किती वाजता, कोण काय बोललं. तिने भराभर लिहिलं. सातव्या प्रश्नाशी पेन अडलं. *या कर्मचाऱ्याच्या क्षमतेबद्दल तुम्हाला याआधी शंका आली होती का?* पुढे दोन चौकोन. हो. नाही.

मोठ्या बाई दारात आल्या. "मी रेडिओ तपासायला पाठवलाय," त्या म्हणाल्या. "भुयारात कधीकधी आवाज तुटतो. तसं असेल तर तसंही असेल." त्या तिच्याकडे न बघता बोलत होत्या. मास्तर त्यांचेही मास्तर होते. "घाई नाही, नीट आठवून लिही."

दार लागलं. ती उठली आणि खोलीत फिरू लागली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अकरा पावलं. खिशात फोन थरथरत होता, नवऱ्याचा. 'नाही' लिहिलं तर दोष रेडिओवर जाईल. मास्तरांना रजेवर घालता येईल, घरून समजावता येईल, पाच महिन्यांतले आता चारच उरले आहेत. 'हो' लिहिलं तर मास्तर जातील, आणि त्यांच्याबरोबर ती स्वतःही. कारण तिला माहीत होतं. ती पुन्हा अकरा पावलं चालली. तिच्या डोळ्यांसमोर पिशवीत काहीतरी शोधणारी ती बाई येत होती. रुळांवरून वर आल्याबरोबर माणूस पिशवीत काय शोधत असेल? किल्ली? फोन? तिकीट?

ती खाली बसली, 'हो'वर खूण केली आणि लिहिलं: *तीन आठवड्यांपासून. मी त्यांच्या वेळेला मुद्दाम टेबल बदलून घेत होते.* सही केली तेव्हा अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की खाली पुन्हा एकदा केली.

घरी पोचली तेव्हा सगळ्यांना सगळं कळलं होतं. मास्तर स्टुलावर बसले होते, पायांत अजून बूट. नवरा उभा होता.

"आधी घरात बोलायचं होतंस," तो म्हणाला.

"बोलले होते. तुझ्याशीच."

"म्हणजे कागदावर लिहायच्या आधी! रेडिओचं निघत होतं ना? चष्म्याने मला सांगितलं. तुला कुणी विचारलं होतं का?"

"हो, विचारलं होतं. छापील होतं."

सासूबाईंचं यंत्र चालू होतं. त्यांनी एकदम पाय उचलला आणि ते थांबलं. "तिला कशाला बोलतोस?" त्या म्हणाल्या. "मला वर्ष झालं कळून. ह्यांचा फोन मी उचलते, दार मी उघडते, कोण काय बोललं ते ह्यांना आत जाऊन मी सांगते. हे यंत्र तरी मी सकाळपासून का रेटत असते? एवढी कामं येतात कुठे?"

सासूबाईंनी हातातला कुणाचातरी पायजमा घडी करून बाजूला ठेवला.

मास्तर सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. मग त्यांनी धाकटीला विचारलं, "किती दिवस माहीत होतं तुला?"

तिने तीन बोटं वर केली. "आठवडे."

"तीन आठवडे," ते म्हणाले. "आणि मला हिरवे देत होतीस?"

"आणि तुम्ही घेत होतात, बाबा."

ते उठले आणि बूट न काढताच आतल्या खोलीत गेले. पुढचे नऊ दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत.

ते नऊ दिवस काढणं सगळ्यात अवघड गेलं. चौकशी होईपर्यंत दोघांनाही घरी बसवलं होतं. तीन खोल्यांचं घर. मास्तर खिडकीपासून दारापर्यंत चालत, ती ओट्यापासून गॅलरीपर्यंत. समोरासमोर आले की एकजण भिंतीला चिकटून दुसऱ्याला वाट देई, एकेरी रुळावरच्या गाडीसारखा. दोघांनाही पहाटे साडेचारला आपोआप जाग येई आणि दोघांनाही काही काम नसे. मास्तरांची घरातली सगळी कुलपं तेल घालून झाली, तिने कपाट तीनदा आवरलं. नवव्या दिवशी सासूबाईंचा तोल सुटला.

"दोघं मिळून माझी फरशी झिजवणार आहात! चौकशीसाठी कानाच्या डॉक्टरकडे जायचंय ना? मग आजच जा. दोघं जा. आणि जेवायच्या आत येऊ नका."

डॉक्टर तरुण होती. तिने मास्तरांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. धाकटी बाहेर बसून बघत होती. मास्तर डोळे बारीक करून, पुढे वाकून, जीव एकवटून ऐकत होते आणि बराच वेळ बोट हलत नव्हतं. तिला उठून निघून जावंसं वाटलं.

नंतर डॉक्टरने आलेख समोर ठेवला. एक रेघ बरी चालली होती आणि मध्येच दरीत पडावी तशी खाली गेली होती. डॉक्टर मास्तरांकडे तोंड करून, खालच्या आवाजात बोलली. "खालच्या पट्टीतलं ठीक आहे. वरच्या पट्टीतलं बरंच गेलंय. लोखंडाच्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचं असंच होतं. पुरुषांचं बोलणं तुम्हाला अजून बऱ्यापैकी कळत असेल. बायकांचा आवाज, मुलांचा आवाज, हे आधी जातं. आणि समोरच्याने आवाज चढवला की आणखीनच कळत नाही, कारण तो अजून वर जातो."

धाकटीने आलेखाकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे. "म्हणजे चष्म्याचं... म्हणजे एखाद्या जाड आवाजाच्या माणसाचं त्यांना कळलं असतं?"

"पुष्कळसं. कोण चष्मा?"

ती बाहेर आली आणि बोळातल्या बाकावर बसली. पाय आपोआप हलत होता. मास्तर मागोमाग आले, शेजारी बसले. समोरून कुणीतरी चाकांची खुर्ची ढकलत नेत होतं.

"मला वाटलं, मी असले तर सांभाळून नेईन," ती म्हणाली. त्यांना कळलं की नाही तिला कळेना, म्हणून तिने त्यांच्याकडे वळून, खालच्या आवाजात पुन्हा सांगितलं. "तुमच्यासाठी टेबल बदलून घेत होते, बाबा."

मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून खाली बघत राहिले. मग म्हणाले, "चष्म्याचं मला सगळं ऐकू यायचं. तू आलीस की माझे हातपाय गळायचे. रेडिओत नुसती शिट्टी वाजल्यासारखं व्हायचं. मनात म्हणायचो, आज पुन्हा हीच का? हिचं टेबल तीन नंबरचं ना? तुला विचारणार कसं? विचारलं तर कळलं असतं तुला."

"मग तुम्ही काय करायचात?"

"अंदाज. वेळ बघायची, सिग्नल बघायचा, ठोकून द्यायचं." ते तिच्याकडे वळले. "तीन आठवडे मीही झोपलो नव्हतो, धाकटे."

तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग, आणि तो नेमका कुणाचा ते तिला ठरवता येईना. ती उठली. "चला," ती म्हणाली. "गाडी धरू."

मास्तर कित्येक वर्षांत डब्यात बसून कुठे गेले नव्हते. स्टेशनात कुठल्या दाराशी उभं राहावं हेही त्यांना ठरवता येईना; फलाटाच्या पुढच्या टोकाकडे, केबिनकडे, त्यांचे पाय वळत होते. दुपार असूनही डबा भरलेला होता. दोघांनी एकच दांडा धरला. दोन स्टेशनं गेली, आणि मग गाडी भुयारात मध्येच थांबली.

एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. माणसं घड्याळं बघू लागली. कागदांची फाइल छातीशी धरलेली एक मुलगी दर पाच सेकंदांनी दाराकडे बघत होती. "साडेबाराला पोचायचंय मला," ती कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली. "मुलाखत आहे. बारा वीस झाले. हे लोक काही सांगत का नाहीत?"

"सांगतील कशाला?" मागचा एकजण म्हणाला. "आत गारव्यात बसून बटणं दाबायची. त्यांच्या बापाचं काय जातंय?"

धाकटीच्या तोंडाशी पाच-सहा उत्तरं आली. पुढची गाडी स्टेशनात अडकली असेल, दार लागत नसेल, कुणी चक्कर येऊन पडलं असेल. फलकावर आत्ता हा डबा म्हणजे एक उजळलेला आकडा आहे आणि टेबलावरच्या माणसाच्या कानात तिघं एकदम बोलत आहेत. त्यातलं काहीच तिने सांगितलं नाही. आकड्याच्या आत साडेबाराची मुलाखत असते हे तिला माहीत होतं. पण त्या मुलीच्या कपाळावरचा घाम तिने आजवर पाहिला नव्हता.

"कुठल्या स्टेशनला उतरायचंय?" तिने मुलीला विचारलं.

"टेकडीला."

"मग मागच्या दाराने उतर. जिना तिथेच आहे. पुढे गेलीस तर अख्खा फलाट उलटा चालावा लागेल."

मुलगी माणसांतून वाट काढत मागच्या दाराकडे सरकली. गाडी हलली. हलताना असा झटका बसला की मास्तर धाकटीच्या खांद्यावर आदळले.

"घाई करतो सोडताना," ते चिडून म्हणाले. "किती वेळा सांगितलंय त्याला."

चौकशीचा निकाल पुढच्या महिन्यात आला. मास्तरांना गाडी कायमची बंद झाली. डेपोत, सकाळी बाहेर पडणाऱ्या गाड्यांची दारं आणि दिवे तपासायचं काम त्यांना मिळालं, आणि उरलेले साडेतीन महिने त्यांनी ते केलं. ऐकायचं यंत्र कानाला लावून जात, घरी आले की काढून ठेवत. धाकटीला लेखी ताकीद मिळाली आणि महिनाभर टेबलाबाहेर राहावं लागलं. परत घेतलं तेव्हा मोठ्या बाईंनी तिला चार नंबरची लाइन दिली. तिने कारण विचारलं नाही.

नवऱ्याचा राग उतरायला निकालापेक्षा जास्त दिवस लागले. तो पुरता उतरलाय का, हे तिला आजही सांगता येत नाही. सासूबाईंनी मात्र दुपारचं यंत्र बंद ठेवायला सुरुवात केली.

टेबलावरच्या पहिल्या सकाळी तिने माइक हातात घेतला आणि बोलायच्या आधी क्षणभर थांबली. चार नंबरवर त्या दिवशी एकवीस चालक होते. त्यांतल्या निम्म्यांचे चेहरेही तिला माहीत नव्हते. कोण झोपला नसेल, कुणाला काय होत असेल, कोण अंदाजाने उत्तर देत असेल, काही कळायला मार्ग नव्हता. पहिली गाडी फलकावर आली. तिने आवाज खाली आणला आणि हुकूम सांगितला. उत्तर आलं, शब्दन्‌शब्द बरोबर. जरा फारच झटकन आलं, असं तिला वाटलं.

तिने तोच हुकूम शब्द बदलून पुन्हा सांगितला आणि ऐकत राहिली.